आरोपीला खटला कळतो का?

एखाद्या खुनाच्या बातमीत ‘आरोपीची मानसिक स्थिती ठीक नसल्याचे समजते’ असे वाक्य आले की वाचणाऱ्यांत दोन तट पडतात. एकाला वाटते, शिक्षा टाळण्यासाठी वकिलाने शोधलेली ही पळवाट आहे. दुसऱ्याला वाटते, भान हरपलेल्या माणसाला शिक्षा करून साधणार काय? दोघांच्याही मनात प्रश्न एकच असतो: हा सुटणार की नाही? कायद्यापुढे मात्र प्रश्न तीन आहेत आणि ते तीन वेगळ्या वेळी विचारायचे असतात. कृत्य घडले तेव्हा आपण काय करतो आहोत हे या माणसाला कळत होते का? आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असताना त्याला खटला कळतो का, आपल्या वकिलाला काही सांगता येते का? आणि शिक्षा झालीच, तर ती कशाबद्दल आहे हे समजण्याइतके भान त्याला आहे का?

पहिल्या प्रश्नावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. तिसरा फाशीच्या प्रकरणांत गाजतो. मधला प्रश्न मात्र तालुक्याच्या कोर्टात, तुरुंगाच्या दवाखान्यात आणि मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात सुटतो, किंवा सुटतच नाही. आपल्या देशात सर्वांत लांबलेले अन्याय या मधल्या प्रश्नापाशी झाले आहेत. म्हणून तिन्ही प्रश्नांचा आढावा घेताना इथे भर त्याच्यावर आहे.

कृत्याच्या वेळचे भान

जानेवारी १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. त्याचा रोख पील यांच्यावर होता, असे मानले जाते. सत्ताधारी टोरी पक्ष आपल्या जिवावर उठला आहे, या भ्रमाने तो पछाडलेला होता. ज्युरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवले आणि इंग्लंडभर गदारोळ उठला. मग उमरावांच्या सभागृहाने न्यायाधीशांना काही प्रश्न घातले. त्यांनी दिलेली उत्तरे ‘मॅकनॉटन नियम’ म्हणून ओळखली जातात. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ त्याच विचारातून आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २२ झाले. गाभा तोच राहिला. मन विकल असल्यामुळे कृत्याच्या वेळी ज्याला त्या कृत्याचे स्वरूप कळू शकत नव्हते, किंवा आपण करतो ते चूक वा बेकायदा आहे हे कळू शकत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही.

या कलमात सगळा भर कळण्यावर आहे. आवरण्याला त्यात स्थान नाही. आपण करतो ते चूक आहे हे कळत होते, पण आजाराच्या जोरापुढे स्वतःला थांबवता आले नाही, अशा माणसाला हे कलम संरक्षण देत नाही. त्यातूनच वकिलांच्या बोलण्यातला ‘मेडिकल इनसॅनिटी’ आणि ‘लीगल इनसॅनिटी’ हा फरक आला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले म्हणून आरोपी आपोआप सुटत नाही; त्या आजाराने त्या घटकेला त्याची समज हिरावून घेतली होती, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका वारंवार मांडली आहे.

सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर असते, पण ते सरकार पक्षाच्या ओझ्याइतके जड नसते. १९६४ च्या ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोपीने संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकवले तरी पुरे. तेवढेही जमले नाही, पण त्याच्या पुराव्याने गुन्ह्याच्या हेतूबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली, तरी त्याला तिचा फायदा मिळतो. हे तत्त्व व्यवहारात कसे लागू होते हे महाराष्ट्रातल्या एका खटल्यात दिसले. १९९४ मध्ये एका पोलीस शिपायाने पत्नीच्या डोक्यात दगडी वरवंटा घालून तिचा जीव घेतला. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. वडिलांना मानसिक आजार होता, स्वतः त्याच्यावर घटनेच्या आधीपासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते, घटनेनंतर काही महिन्यांतच त्याला २५ वेळा उपचारांसाठी न्यावे लागले, खुनाला साजेसे कारण नव्हते, आणि त्याने पळण्याचा किंवा काही लपवण्याचा प्रयत्न केला नव्हता. हे सगळे दुवे न्यायालयाने एकत्र पाहिले.

या निकालातली एक गोष्ट नीट पाहायला हवी. तो शिपाई सुटू शकला, कारण त्याच्या आजाराची कागदोपत्री नोंद होती. ज्याला घरच्यांनी दवाखान्याऐवजी भगताकडे नेले, ज्याचे केसपेपर घर गळताना भिजून गेले, ज्याचा आजार गावाने ‘डोक्यावर परिणाम झालाय’ एवढ्यावर मिटवला, त्याच्याकडे दाखवायला काय असते? आजार तेवढाच गंभीर असूनही त्याचा बचाव उभाच राहत नाही. श्रीमंत आणि गरीब आरोपींमधली दरी इथे अधिक रुंद होते.

इंग्लंडने १९५७ च्या होमिसाइड अ‍ॅक्टने एक मधला मार्ग काढला. मानसिक विकारामुळे जबाबदारी कमी झाली असेल, तर खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर उतरवता येतो. भारताच्या विधी आयोगाने १९७१ च्या ४२ व्या अहवालात या कल्पनेचा विचार केला, पण ती स्वीकारली नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘पूर्ण जबाबदार’ आणि ‘अजिबात जबाबदार नाही’ यांच्यामध्ये कायद्याची पायरीच नाही. मधली माणसे शिक्षेच्या प्रमाणापुरती न्यायाधीशाच्या दयेवर सोडली आहेत.

‘वेडाच्या नावाखाली सुटला’ ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. या कारणावरून निर्दोष ठरवताना न्यायालयाला, कृत्य आरोपीनेच केले की नाही, याचा स्पष्ट निष्कर्ष नोंदवावा लागतो. केले असेल तर त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचे, किंवा हमी घेऊन नातेवाइकाच्या स्वाधीन करायचे, असा कायद्याचा आदेश आहे. निकालानंतर तो थेट घरी जातो असे सहसा होत नाही.

खटल्यापुरती समज

आता मधला प्रश्न. आरोपीच्या अनुपस्थितीत खटला चालवणे अन्यायाचे, हे सर्वांना पटते. शरीराने हजर पण मनाने हजर नसलेल्या आरोपीवर खटला चालवणे हाही तसाच अन्याय आहे. साक्षीदार खोटे बोलतो आहे, त्या रात्री मी तिथे नव्हतोच, हे वकिलाच्या कानात सांगणारा माणूसच नसेल, तर उलटतपासणी कशाच्या आधारावर होणार?

इंग्लंडमध्ये १८३६ च्या प्रिचर्ड खटल्यात आरोपी मूकबधिर होता. त्या निमित्ताने न्यायालयाने कसोटी घालून दिली: आरोपीला आरोपाचे उत्तर देता येते का, कामकाज समजून बचाव करता येतो का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या डस्की निकालात ती अधिक नेमकी केली. वकिलाशी विवेकाने सल्लामसलत करण्याची क्षमता आज आरोपीकडे आहे का, आणि खटल्याची नुसती माहिती नव्हे तर त्याचा अर्थही त्याला कळतो का, हे पाहायचे. दोन्हीकडे विचार गुन्ह्याच्या दिवसाचा नसून आजचा आहे. गुन्ह्याच्या वेळी शुद्धीत असलेला माणूस तुरुंगात आजारी पडू शकतो. तेव्हा भान नसलेला माणूस औषधांनी सावरून आज खटल्याला उभा राहू शकतो. या दोन अवस्थांची गल्लत आपल्या न्यायालयांतही होते. आरोपी आज नीट बोलतो, म्हणून तो तेव्हाही नीट असणार, असा तर्क करणे चूक आहे.

आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे ३२८ ते ३३९ या विषयाची होती; आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३६७ ते ३७८ म्हणून आली आहेत. कायद्यातले शब्द थोडकेच आहेत: आरोपी मनोविकल असून ‘आपला बचाव करण्यास असमर्थ’ आहे का? असमर्थ म्हणजे नेमके काय, याची कसोटी कायदा सांगत नाही. प्रक्रिया मात्र तपशीलवार आहे. दंडाधिकाऱ्याला शंका आली तर तो आरोपीची जिल्हा शल्यचिकित्सकाकडून तपासणी करून घेतो. त्यांनाही तसे वाटले तर ते आरोपीला मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. अहवाल मान्य नसेल तर आरोपीला वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते. २००८ च्या दुरुस्तीने एक मोलाची भर घातली: आरोपी असमर्थ आहे असे दिसले, तर न्यायालयाने त्याला काही न विचारता सरकार पक्षाची कागदपत्रे पाहायची आणि त्याच्या वकिलाचे ऐकायचे. प्रथमदर्शनी प्रकरणच नसेल तर आरोपीला तिथेच दोषमुक्त करायचे. प्रकरण असेल तर उपचाराला लागेल तेवढा काळ खटला तहकूब ठेवायचा.

गुन्हा अजामीनपात्र असला तरी अशा आरोपीला नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या हमीवर सोडता येते. ते शक्य नसेल, तर नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी त्याला ठेवायचे. बरा झाल्यावर खटला पुन्हा सुरू होतो. मनाने ठीक असूनही, म्हणजे मूकबधिर असल्यामुळे किंवा भाषा न कळल्यामुळे, ज्याला कामकाज समजत नाही, त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे. त्याचा खटला चालवता येतो, पण तो दोषी ठरला तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागते.

जन्मजात बौद्धिक अक्षमता असलेल्या आरोपीची अवस्था याहून नाजूक असते. तो आरडाओरडा करत नाही, विचित्र वागत नाही. साहेब विचारतील त्याला ‘हो’ म्हणतो, कारण आयुष्यभर ‘हो’ म्हटल्यावरच लोक रागावायचे थांबले आहेत. पोलीस ठाण्यात, दंडाधिकाऱ्यासमोर, जबाबावर अंगठा देताना, कुठेही त्याची अडचण कोणाच्या लक्षात येत नाही. उपचाराने बरा होऊन तो खटल्याला परत येईल, ही कायद्याची अपेक्षाही त्याच्या बाबतीत लागू पडत नाही.

थांबलेला खटला, चालू राहिलेली कैद

कागदावर उदार असलेल्या या प्रक्रियेत एक मोठे भगदाड आहे. खटला किती काळ तहकूब राहू शकतो, याला मर्यादा नाही. या भगदाडात किती आयुष्ये गेली, ते सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालांत नोंदलेले आहे.

आसाममधल्या तिवा जमातीच्या मचल लालुंग यांना १९५१ मध्ये मारहाणीच्या गुन्ह्यात अटक झाली. त्यांची रवानगी तेजपूरच्या मनोरुग्णालयात झाली. १९६७ मध्ये रुग्णालयाने ते बरे झाल्याचे कळवले. त्यांना घरी सोडण्याऐवजी तुरुंगात पाठवले गेले आणि तिथे ते विसरले गेले. २००५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या हस्तक्षेपानंतर एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते बाहेर आले. खटला न चालता ५४ वर्षे गेली होती. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. उत्तर प्रदेशातला एक माणूस ३८ वर्षे असाच खटल्याविना अडकल्याच्या बातमीची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अशा आरोपींच्या स्थितीचे अहवाल न्यायालयांनी वेळोवेळी मागवावेत, असे सांगितले.

त्याआधी वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात हजारीबागच्या तुरुंगातले असेच कैदी समोर आले होते. बरे झाल्याचा दाखला असूनही दोन-तीन दशके ते आत होते. १९८३ च्या रुदुल शाह प्रकरणात तर सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलेला माणूस पुढे १४ वर्षे तुरुंगात राहिला. तो वेडा होता, असे सरकारने सांगितले. पण त्याचा पुरावा दिला नाही. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी त्या निकालात मूलभूत हक्कांच्या भंगासाठी ३०,००० रुपयांची अंतरिम भरपाई द्यायला लावली आणि भारतीय कायद्यात भरपाईचा नवा मार्ग उघडला. मुंबईच्या पत्रकार-कार्यकर्त्या शीला बर्से यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य असल्याचे ठरवले. त्यांना तुरुंगात ठेवण्याचे एकच कारण होते: इतरत्र जागा नव्हती.

या सर्व प्रकरणांत न्यायाधीश, डॉक्टर, तुरुंगाधिकारी यांपैकी कोणी राक्षस नव्हते. प्रत्येकाने आपापला कागद पुढे पाठवला होता. रुग्णालयाने ‘बरा आहे’ असे कळवले, तुरुंगाने त्याला ताब्यात घेतले, न्यायालयाने तारीख दिली. तारखेची चौकशी करणारे मात्र कोणीच नव्हते.

अमेरिकेत हा प्रश्न १९७२ मध्ये जॅक्सन विरुद्ध इंडियाना या प्रकरणात आला. आरोपी मूकबधिर होता आणि त्याची समज अगदी लहान मुलाइतकी होती. आरोप अवघ्या नऊ डॉलरच्या मालाच्या दोन चोऱ्यांचा. तो कधी खटल्याला उभा राहू शकेल असे डॉक्टरांना वाटत नव्हते, म्हणजे ती कैद जन्मभराची होती. न्यायालयाने नियम घालून दिला: खटल्यास असमर्थ आहे एवढ्याच कारणावरून वाजवी मुदतीपलीकडे कोणाला डांबता येणार नाही. सुधारण्याची शक्यता नसेल, तर नागरी कायद्याने त्याच्या उपचारांची सोय करा किंवा त्याला सोडा.

आपल्याकडे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ कच्च्या कैद्यांना काही दिलासा देते. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिल्याच गुन्ह्यात एक-तृतीयांश काळ आत काढला की जामिनाचा मार्ग खुला होतो. पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि जामीन मिळाला तरी हमी द्यायला आणि न्यायला कोणीतरी यावे लागते. वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या माणसाच्या घरचा पत्ता बदललेला असतो, आईवडील गेलेले असतात, भावांनी जमीन वाटून घेतलेली असते.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. बरे झालेले रुग्ण वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहतात, हा प्रश्न मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. ज्यांच्यावर कोणताही गुन्हा नाही, त्यांना घरी जाणे इतके कठीण आहे. मग ज्याच्या नावापुढे गुन्ह्याचे कलम लागले आहे, त्याला कोण नेणार?

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात या दुखण्यावरचे काही उपाय लिहिलेले आहेत. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी मनोविकल ठरत नाही. ते सक्षम न्यायालयच ठरवू शकते, असे कलम ३ सांगते. कलम १०३ प्रमाणे प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना हवी, आणि तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कैद्यांविषयी अहवाल द्यायचा आहे. हे अहवाल खरोखर तपासून दिले गेले आणि मंडळांनी ते वाचले, तर मचल लालुंग यांच्यासारखा माणूस पुन्हा हरवणार नाही.

फाशीच्या उंबरठ्यावर

तिसऱ्या प्रश्नात आपली न्यायालये अलीकडे बरीच पुढे आली आहेत. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी रद्द केली आणि मानसिक आजार हे फाशी जन्मठेपेत बदलण्याचे एक कारण मानले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात न्यायालयाने आरोपीचे नावच निकालातून वगळले; ‘आरोपी एक्स’ म्हणून तो निकाल ओळखला जातो. गुन्हा अत्यंत क्रूर होता आणि दोषसिद्धी कायम राहिली. पण शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार, ज्यामुळे शिक्षेचा अर्थ आणि हेतूच कळत नाही, तो फाशी टाळण्याचे कारण ठरू शकतो, असे न्यायालयाने सांगितले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट ३९ए’ने २०२१ मध्ये फाशीच्या ८८ कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६२.२ टक्के कैद्यांना मानसिक आजार असल्याचे त्यात आढळले. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाने फाशीचा विचार करण्याआधी आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल मागवण्यावर भर दिला.

हे सगळे चांगलेच आहे, पण हा अहवाल शेवटच्या टप्प्यावर मागवला जातो. अटकेनंतर महिनाभरात तो झाला असता, तर कित्येक खटल्यांची दिशाच वेगळी झाली असती.

संरक्षण की वगळणे?

भारताने २००७ मध्ये मान्य केलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार या साऱ्या रचनेलाच आव्हान देतो. कराराची देखरेख करणारी समिती म्हणते की ‘असमर्थ’ ठरवून माणसाला खटल्यातून बाहेर काढणे हाच भेदभाव आहे. त्याला समजावणारा सहायक द्या, सोप्या भाषेत प्रश्न विचारा, कामकाज थांबत थांबत चालवा, आणि निर्दोष सुटण्याची संधी इतरांइतकीच त्यालाही मिळू द्या. दुसरी बाजू म्हणते की तीव्र मनोविकाराच्या भरात असलेल्या माणसाला कितीही साहाय्य दिले तरी बचाव करता येत नाही. त्याला खटल्यात ओढणे म्हणजे क्रूरता.

मला दोन्हींतले तथ्य पटते, आणि त्यातून निघणारा क्रमही स्पष्ट दिसतो. आधी साहाय्य, मग उपचार, आणि असमर्थतेचा शिक्का सर्वांत शेवटी; तोही मुदतीचा. आरोपी नाटक करतो आहे का, ही शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर काही दिवसांच्या निरीक्षणाने, जुन्या नोंदींनी आणि स्वतंत्र तज्ज्ञाच्या तपासणीने मिळते. त्यासाठी कोणाला वर्षानुवर्षे आत ठेवण्याची गरज नसते.

विधिमंडळाकडून आणि न्यायालयांकडून चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. ‘बचाव करण्यास असमर्थ’ याची कसोटी कायद्यात लिहा. तहकुबीला कमाल मुदत घाला आणि ती संपली की आरोपी आपोआप न्यायाधीशापुढे आणला जाईल असे करा. बरे झालेल्यांसाठी रुग्णालय आणि घर यांच्या मधली निवारागृहे उभारा. पहिल्या हजेरीलाच मानसिक आरोग्याची प्राथमिक तपासणी सक्तीची करा.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनाही सांगणे आहे. उपचारांचे केसपेपर जपून ठेवा. त्याला अटक झालीच, तर पहिल्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांना आजाराची कल्पना द्या आणि तसा लेखी अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोठडीतल्या, मनोरुग्णालयात ठेवलेल्या आणि अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा प्राधिकरणाकडे तो मागा. आणि त्याला रुग्णालयात पाठवले तर पुढची तारीख विचारत राहा. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा द्यावी, न झाला तर सोडावे, आजार असेल तर उपचार करावेत. या तिन्हींपैकी काहीच न करता माणसाला जन्मभर कोंडून ठेवण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेने कोणालाही दिलेला नाही.